वांग्यावरचं ऊन

रंगरावांनी तैलचित्रासाठी वांगं निवडलं ते रंगासाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी. आधी मांडलेली केळी पत्नी शर्मिलाबाईंच्या एकादशीत गेली, पेरू नैवेद्यात गेला. चातुर्मासात मात्र बाईंनी वांगं सोडलेलं. म्हणजे त्याला घरात कोणी बोटही लावणार नव्हतं.

चित्र उद्या चित्रकलेच्या क्लासच्या प्रदर्शनात द्यायचं होतं. जांभळा रंग साधला होता, देठ जमला होता, पिवळ्या ताटलीतली सावलीसुद्धा. राहिली होती फक्त वांग्याच्या पोटावरची चमक. नारायण पेठेतल्या त्या खोलीत ऊन थेट येतच नसे. समोरच्या गॅलरीत रज्जाकभाईंच्या पत्नी नसीमबानू परात वाळत ठेवायच्या, तिच्यावरून ते उसळून यायचं. आज गॅलरी रिकामी!

रंगरावांनी खिडकीतून हाक मारली, "अहो रज्जाकभाई, परात बाहेर ठेवता का? माझ्या वांग्यावर ऊन पडत नाहीये!"

"का? शेतात मिळालं तेवढं पुरलं नाही वाटतं त्याला?" म्हणत रज्जाकभाईंनी परात आणून पोटाशी उभी धरली.

उजेड कॅलेंडरवर पडला.

"खाली! डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!"

उजेड पंख्यावर गेला, मग दारातून आतल्या खोलीत शिरला आणि देवघरातल्या बाळकृष्णावर जाऊन थांबला.

शर्मिलाबाईंनी जप संपवून डोळे उघडले, तर देव झळाळत होता! त्यांनी हात जोडून नमस्कार केला. देव एवढा प्रसन्न, आणि आपण चातुर्मासात घरात वांगं मांडून बसलोय? नवऱ्याची पाठ होतीच. त्यांनी ताटलीतलं वांगं पदराआड घेतलं आणि समोर नसीमबानूंच्या हातात नेऊन दिलं.

तेवढ्यात उजेड देवघरातून ताटलीकडे सरकला. "जमलं! हलू नका!" रंगराव कुंचला घेऊन वळले. ताटली झगमगत होती. वांगं नव्हतं.

समोरून खमंग वास आला. नसीमबानू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "वांगं शोधताय? गॅसवर आहे. वहिनींनी आत्ताच आणून दिलं. भरीत करतेय."

दुपारी वाटीभर भरीत आलं. परात अजून गॅलरीतच होती. तिच्या उजेडात भरतावरचं तेल असं लखलखलं, की रंगरावांनी ती चमक तशीच्या तशी चित्रात उतरवली आणि मग मॉडेल चाटूनपुसून खाल्लं.

देव कसा झळाळला आणि वांगं का दिलं, ते बाईंनी वाती वळता वळता सांगितलं. "तो काही चमत्कार नव्हता बरं का," वाटी ठेवत ते म्हणाले. "परात होती. रज्जाकने धरलेली, मी फिरवायला लावलेली."

वाती वळणारे हात थांबले. "म्हणजे माझा नमस्कार तुम्हा दोघांना लागला?"

रंगराव कुंचला पुसायला लागले.

"असू दे. उद्या जपाच्या वेळी पुन्हा धरायला सांगा त्यांना," शर्मिलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त तुम्ही ओरडू नका. देवाला त्याची डावी-उजवी कळते."