फळ्या चोरीला, भिंत शाबूत

शेजारचा गेलन श्रॉक आपल्या कोठाराच्या फळ्या चोरतोय, अशी ऑर्व्हिल स्टायनरची खात्री झाली ती गावातून कॉफी पिऊन घरी येताना. गेलनच्या शेडचं दार आतून लावलेलं होतं आणि आत काहीतरी घुरघुरत होतं. आता ओहायोत जूनच्या सकाळी, असल्या उकाड्यात, दार लावून काम कोण करतं? ज्याला लपवायचंय तो. त्यात बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधून, ताडपत्रीखालून, एका जुन्या करड्या फळीचं टोक डोकावत होतं.

ऑर्व्हिलचं कोठार म्हणजे ऑर्व्हिलचा जीव. आजोबा जेकब स्टायनर यांनी ते उभं केलं, फळ्या स्वतः ठोकल्या, आणि मोठ्या दाराची हातभर लांब बिजागरी तर स्वतःच्या भट्टीत घडवली, असं घरात सगळे सांगत आले होते. ऑर्व्हिल एक वेळ चर्चमधल्या प्रवचनावर शंका घेईल, पण त्या बिजागरीवर नाही. गेल्या वर्षी शहरातून एक गुळगुळीत बोलणारा माणूस आला होता. हॉटेलच्या भिंतींना लावायला अशाच जुन्या, वाऱ्यापावसानं करड्या पडलेल्या फळ्या हव्यात म्हणाला. ऑर्व्हिलने त्याला गवताचं दाताळं हातात धरूनच फाटकापर्यंत पोचवलं होतं. तेव्हा कुंपणापलीकडून गेलन बघत होता आणि हसत होता. ते हसणं ऑर्व्हिलला आता आठवलं आणि त्याचा वेगळाच अर्थ लागला.

तडक घरी येऊन त्याने कोठाराला चक्कर मारली. एकही फळी कमी नव्हती, कुठे भोक नव्हतं. दुसऱ्या कोणाचा जीव भांड्यात पडला असता. ऑर्व्हिलचा संशय दुप्पट झाला, कारण ज्या चोरीत काही गेलेलं दिसत नाही त्या चोरीतला चोर नक्कीच मुरलेला असणार.

त्याने बायकोला, मार्लिसला, विचारलं की गेलन हल्ली शेडमध्ये काय करतो. मार्लिस ओट्याशी पिठाच्या पारीत रूबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून पाय करत होती. तिने वर न बघता सांगितलं, की बिचारा एकटा माणूस, असेल काहीतरी खुडबुड करत. मग तिने एक सोडून दोन पाय ओव्हनमध्ये भाजायला सरकवले.

"दुसरा कोणाला?" ऑर्व्हिलने विचारलं.

"गेलनला."

"का?"

"भूक लागते माणसाला, ऑर्व्हिल."

ऑर्व्हिल मनात हिशेब मांडू लागला. गेलनची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मार्लिसने त्याला ख्रिसमसला बिस्किटं दिली असतील, फार तर. हे पाय प्रकरण नवीन होतं. आणखी एक गोष्ट नवीन होती. गावातल्या खानावळीत सकाळी म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं एक टेबल जमतं. ऑर्व्हिलचे वडील लेस्टरही जन्मभर त्याच टेबलावर बसले. ऑर्व्हिल तिथे जास्त वेळ घालवतो म्हणून मार्लिस वर्षानुवर्षं कटकट करायची. हल्ली ती दारापर्यंत सोडायला यायची आणि म्हणायची, "बस निवांत. घाई करू नकोस."

चाळीस वर्षांच्या संसारात बायको 'घाई करू नकोस' म्हणायला लागली, तर नवऱ्याने घाई करावी, असं ऑर्व्हिलचं मत पडलं.

त्याने आधी पुरावा गोळा करायचं ठरवलं. उत्तरेकडच्या भिंतीला आतल्या बाजूने, अगदी खाली, प्रत्येक फळीवर त्याने सुताराच्या पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली. उत्तरेचीच भिंत का, तर गेल्या मार्चच्या वादळात तिथलीच एक फळी सुटून त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर कोसळली होती. सुतार बोलाव, नवीन लाकूड लाव, नाहीतर ही भिंत एक दिवस तुला घेऊन जाईल, असं मार्लिस तेव्हा रडवेली होऊन म्हणाली होती. ऑर्व्हिलने तीच फळी पुन्हा ठोकली. आजोबांची फळी आहे, जागेवरच राहील, म्हणाला. त्यानंतर मार्लिस त्यावर अवाक्षर बोलली नाही आणि ऑर्व्हिलने समजूत करून घेतली की तिला पटलं.

आठवड्याने बघतो तर काय, एका टोकाकडच्या फुल्या गायब. फळ्या होत्या, तशाच करड्या, तशाच रेषा उठलेल्या. फुल्या तेवढ्या नव्हत्या. त्याने शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, कचेरीत फोन लावला.

शिपाई आला तो तरणाबांड होता आणि सभ्य होता. त्याने टोपी काढून सगळं ऐकून घेतलं, भिंतीला आतून बाहेरून निरखलं आणि मान खाजवली.

"काका, फळी गेली म्हणता, तर भोक कुठाय?"

"भोक नाही. तीच तर त्याची हुशारी."

"म्हणजे चोर आला, तुमची फळी काढली आणि जाताना दुसरी बसवून, खिळे ठोकून गेला?"

"तू माझी चेष्टा करतोयस का?"

"नाही काका. असा चोर असला तर माझ्या बापाच्या कोठारावर पाठवा, एवढंच म्हणतोय."

तो गेला. मार्लिसने त्यालाही पायचा तुकडा बांधून दिला. संशयाच्या भरात ऑर्व्हिलला तेही टोचलं.

मग त्याने सापळा लावला. सकाळी नेहमीसारखा ट्रक काढला, मार्लिसचं "घाई करू नकोस" ऐकून घेतलं, ट्रक चर्चच्या मागे लावला आणि मक्याच्या शेतातून वाकून वाकून परत आला. मका अजून गुडघ्याएवढाच होता, त्यामुळे लपणं असं काही झालं नाही, फक्त कंबर गेली. शेडमधून घुरघुर चालूच होती. त्याने दार ढकललं.

आत गेलन डोळ्यांना चष्मा लावून उभा होता. त्याच्या हातात ड्रिल होतं आणि ड्रिलच्या तोंडाला एक गोल तारेचा ब्रश गरगरत होता. समोर पिवळीधमक, नवी कोरी पाइनची फळी. ब्रश रेषेरेषेने फिरला की लाकडाचा मऊ भाग भुसा होऊन उडे आणि कडक रेषा वर उठून दिसत, पन्नास हिवाळे खाल्ल्यासारख्या. पलीकडे, ऑर्व्हिलचीच जुनी टोपी घालून, मार्लिस ब्रश मारलेल्या फळीवर पिचकारीने पाणी उडवत होती. ते पाणी नव्हतं. लोखंडी घासणी व्हिनेगरमध्ये भिजत घातली की जे काळपट पाणी होतं, ते होतं. फळी बघता बघता करडी पडत होती.

ड्रिल थांबलं.

"आजोबांच्या फळ्या कुठे आहेत?" ऑर्व्हिलने विचारलं.

मार्लिसने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे त्या नीट रचून ठेवल्या होत्या. एकही विकली नव्हती, जाळली नव्हती. ऑर्व्हिलने त्यातली एक उचलली, पेन्सिलीची फुली होती तीच. ती त्याच्या हातात मधोमध मोडली आणि आतून ओला भुगा सांडला.

"मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," मार्लिस म्हणाली. "आणि एक दिवस मी तुला त्या भिंतीखालून ओढून काढत बसले असते. मला फळ्या नकोत, ऑर्व्हिल. मला तू हवायस."

"मी फक्त पायसाठी आलो," गेलन पुटपुटला.

ऑर्व्हिलचा राग काही खाली उतरेना. फसवलं ते फसवलंच. चाळीस वर्षं संसार केलेली बायको आणि तितकीच वर्षं शेजारी राहिलेला गेलन, दोघांनी मिळून त्याच्या आजोबांना भिंतीतून एकेक करून बाहेर काढलं होतं. त्याने गेलनच्या हातातून ड्रिल हिसकावून घेतलं. एक बिजागरी तरी खरी आहे, म्हणाला. ती मी आज लखलखीत करतो, मग या कोठारात खरं काय नि खोटं काय ते सगळ्यांना दिसू दे.

मोठ्या दाराशी उभं राहून त्याने बिजागरीला ब्रश लावला. लाल गंजाचा धुरळा उडाला, खाली काळं लोखंड आलं, मग चकाकी आली. चकाकीबरोबर अक्षरंही आली. ऑर्व्हिलने अंगठ्याने पुसून वाचलं. कुठल्याशा कारखान्याचं नाव होतं आणि त्याखाली साल कोरलेलं होतं, १९६१.

एकसष्ट साली ऑर्व्हिल दहा वर्षांचा होता आणि आजोबा चर्चमागच्या दफनभूमीत निवांत पडून होते.

त्याला एकसष्टचा उन्हाळा आठवला. आई सकाळी दाराशी उभी राहून वडिलांना म्हणायची, लेस्टर, जा, बसून ये गावात, घाई करू नकोस. आणि वडिलांचा ट्रक वळणावर दिसेनासा झाला की शेजारचे ग्रेबर काका हत्यारांची पेटी घेऊन कोठारात शिरायचे. त्यांना आई पाय द्यायची. ऑर्व्हिलला तेव्हा वाटायचं, काकांना भूक लागत असेल.

"गेलन," त्याने हाक मारली, "गंज परत कसा आणायचा?"

"मीठ आणि व्हिनेगर," गेलन लांबूनच म्हणाला. "उद्यापर्यंत लाल होईल."

"आण."

दुसऱ्या दिवशी बिजागरी लाल झाली होती. ऑर्व्हिलने तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, ट्रकची किल्ली घेतली आणि दाराशी थांबला. मार्लिस ओट्याशी पीठ मळत होती.

"दक्षिणेची भिंतही मला जरा पोकळ वाटते," तो म्हणाला. "मी गावात जाऊन येतो. घाई करणार नाही."