तेलाच्या दोन कुप्या

"मिस्त्री, मशीन झकास चालतंय," शिंपीणबाई दुकानाच्या दारातूनच म्हणाल्या, "पण आमचं मांजर त्याला सोडायला तयार नाही. सकाळपासून चाटतंय. तुम्ही तेल घातलंत की दूध?"

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण मशीनच्या तेलाला मांजर तोंड लावतं, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. हातातला पेचकस गळून पडला.

"बाई, दुकान बघा जरा," एवढंच म्हणून ते घराच्या जिन्याकडे धावले.

त्याचं असं होतं. मिस्त्रींच्या किडन्यांनी अलीकडे कामात अंग चोरायला सुरुवात केली होती. "तळलेलं नको, खारट नको, तेल मोजून," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आता मोजून म्हटल्यावर हा कारागीर माणूस चमच्यावर कसा विसंबणार? चमचा एकदा अर्धा भरतो, एकदा ओसंडतो. त्यांनी मशीनला तेल घालायची लांब चोचीची कोरी कुपी आणून सरळ ओट्यावर ठेवली. बूड दाबलं की थेंब. बायको बिचारी रोज तव्यावर टिकटिक करायची आणि ऑम्लेट तव्याला असं चिकटायचं की उलथन्याने खरवडून काढावं लागायचं. काल मिस्त्रींनी घरची आणि दुकानातली अशा दोन्ही कुप्या वायसर बदलायला खोलल्या, धुतल्या, पुन्हा भरल्या आणि एक वर आणून ठेवली. दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

"अगं, कुप्यांची अदलाबदल झाली!" मिस्त्री धापा टाकत म्हणाले. "स्वयंपाकाचं तेल शिंपीणबाईंच्या मशीनमध्ये गेलं."

"मग पुसून द्या की."

"आणि मशीनचं तेल माझ्या ऑम्लेटमध्ये!"

बायको मटकन खुर्चीत बसली. "म्हणूनच आज ऑम्लेट अलगद सुटलं! मला मेलीला वाटलं, माझा हात बसला." तिचे डोळे भरून आले. एवढं जपून, एवढं थेंबाथेंबानं करून शेवटी तिनंच आपल्या हातानं नवऱ्याला हे वाढलं होतं. तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला.

"उलटी काढायला जाऊ नका," पलीकडून आवाज आला. "ती कुपी घ्या आणि ताबडतोब इकडे या."

ताबडतोब हा शब्द ऐकून मिस्त्रींचं उरलंसुरलं अवसान गळालं. त्यांनी बायकोचा हात धरला.

"अगं, माझं काही खरं नाही. जाण्याआधी मन मोकळं करतो. तू इतकं बेचव खायला घालायचीस, तेही प्रेमानं, आणि मी मात्र..."

"काय मी मात्र?"

"खाली बॉबिनांच्या खणात खारं बटर असतं. रोज दुपारी पावाला लावून खातो. चांगलं बोटभर जाड. वरून मीठही भुरभुरतो."

रडावं की चिडावं हे बायकोला ठरवता येईना. तिनं नाक पुसलं, कुपी उचलली आणि पिशवीत टाकता टाकता चोचीशी आलेल्या थेंबाला बोट लावून हुंगलं. मग मिस्त्री "अगं, नको!" म्हणेपर्यंत तिनं जीभही लावली.

"अहो, हे तर आपलंच तेल आहे! खाण्याचं!"

मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल कुप्या भरताना शिंपीणबाईंशी गप्पा रंगल्या होत्या, आणि त्यांनी दोन्ही कुप्या घरून खाली नेलेल्या खाण्याच्या तेलाच्या एकाच डब्यातून भरल्या होत्या. मशीनच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडलंच नव्हतं. आजच्या ऑम्लेटचं श्रेय नव्या वायसरचं होतं, त्यातून थेंब जरा मोठा पडत होता.

"वाचलो!" मिस्त्रींनी बायकोला गरकन फिरवलं. ती हसत होती आणि रडतही होती.

पुन्हा फोन लागला, या वेळी स्पीकरवर. डॉक्टरबाई पोटभर हसल्या.

"पण थेंबाथेंबानं कशाला? मोजून म्हणजे बंद नव्हे. तरीच त्यांचं वजन उतरतंय! दिवसाला दोन-तीन छोटे चमचे चांगलं तेल त्यांना खुशाल चालेल. त्यांना नडतंय ते मीठ. यावेळी रिपोर्ट का बिघडला, ते मला अजून कळलेलं नाही. खारट काही खात नाहीत ना?"

मिस्त्रींनी बायकोकडे केविलवाण्या नजरेनं पाहिलं. तिनं फोन त्यांच्या तोंडापुढे धरला.

"सांगा," ती म्हणाली. "मघाशी मरता मरता मला सांगितलंत ना, अगदी तस्संच सांगा."