बारा आकडी संशयित

जोयडा तालुक्यात वाघ किती, ते वनखात्याला विचारा. गुप्तहेर मात्र एकच, तो मी, महाबळेश्वर. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धी कुणाची ते अजून ठरायचंय. हे शेवटचं माझा सहायक गुणा सांगत फिरतो.

आमच्या वाडीतल्या अनुसयाक्काची गाभण गाय दोन दिवस बेपत्ता होती. रानात बिबट्या फिरत होता.

"भावा, दिवस भरल्यात तिचं. काय तरी कर," म्हणून अक्का पुन्हा रानात शोधायला गेली.

मला धागा मिळाला तो प्रशांतच्या दुकानाच्या भिंतीवर. एक कागद. वर कानडी मजकूर, खाली लाल शाईत १०२५६४१०२५६४. कानडी मी फाडफाड बोलतो, पण शिकलो रामनगरच्या मराठी शाळेत. वाचायला घेतलं की दिवस मावळतो. वरची किरकोळ जाहिरात तिथंच ठेवून मी खालचा पुरावा अलगद फाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर तपास बसला.

"गुणा, शेवटचा चार उचलून सगळ्यांच्या पुढं ठेव."

"४१०२५६४१०२५६."

"आता मूळ आकड्याला चारानं गुण."

गुणानं गुणलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "तेच आलं की ओ!"

"शेपूट तोंडाकडं नेली की चौपट! म्हणजे चोर चार, आणि गाय नेली उलटी चालवत. म्हणून तर खुरांचे ठसे घराकडं येताना दिसतात."

"ती रोज घरला येत होती, म्हणून दिसत्यात."

मी भागाकाराकडे वळलो. पाचानं भाग जाईना, आठानं जाईना; पाचवं आणि आठवं घर निर्दोष. सातानं मात्र निःशेष गेला.

"सातवं घर तुमचंच," गुणा म्हणाला.

मी बायकोची उलटतपासणी सुरू केली. सोनियाच्या हातात पळी होती, त्यामुळे चौकशी लवकर आटोपली.

एवढ्यात अक्का आली. हातात भिंतीवरचा उरलेला कागद.

"ऐक. 'नंदिगड्ड्याच्या लखूच्या गोठ्यात तांबडी गाय आलीय. कानातल्या बिल्ल्याचा नंबर खाली दिलाय.' खाली काय हाय?"

"काहीच नाही, अक्का."

"का न्हाई?"

गुणानं माझ्या हातातला तुकडा त्याखाली धरला. फाटक्या कडा नीट जुळल्या. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं कार्ड अक्कानं पुढं केलं. तेच बारा आकडे.

बाई रान तुडवत होती आणि तिची गाय कालपासून माझ्या खिशात होती. माझी मान वर होईना.

जीप आणि मागं एक टेम्पो करून नंदिगड्डं गाठलं. गोठ्यात गाय उभी, आणि पायांशी पहाटे जन्मलेलं वासरू.

"तुमचीच व्हय? कुणीच कसं येत न्हाई म्हणत होतो," लखू म्हणाला.

अक्का गाईच्या गळ्यात पडून रडली. मग गाय मागच्या टेम्पोत चढवून तिनं वासरू माझ्या मांडीवर दिलं. "घट्ट धर."

घाटातलं प्रत्येक वळण मी वासराला धरून काढलं. अर्ध्या वाटेत त्यानं माझी पँट भिजवली.

गुणानं नाक दाबून विचारलं, "मी धरू काय?"

"नको."

तेव्हा अक्का हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.