वस्त्रोद्योग, विभाग दोन

मुलाखतीला कोट घालून या, असं मेडिकल कॉलेजच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण छकुलीने गेल्या वर्षी निवड झालेल्या मुलांचा फोटो पाहिला होता आणि त्यात झाडून सगळ्यांनी कोट घातले होते. वयाच्या अठराव्या वर्षीही घरात तिला छकुली म्हणत. ही गोष्ट जगापासून लपवायच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्या क्रमांकावर बाबांचं दुकान होतं.

बाबा शिंपी होते. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, पण छकुली मागच्या दाराने ये-जा करायची.

"बाबा, परवापर्यंत कोट होईल?"

"परवापर्यंत बाही होईल एक. चालेल?" बाबा तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. तिथे एक गडद निळा, नवा कोरा कोट लटकत होता. "हा घाल. एका डॉक्टरीणबाईंचा आहे. शनिवारी संध्याकाळी न्यायला येणारेत. तू सकाळी घाल, दुपारी आणून दे. बाह्या आतून दुमडून टाके घालतो, आलीस की उसवतो."

"गिऱ्हाइकाचा कोट?"

"त्यात काय! माझ्या लग्नातला सूट कोणाचा होता, विचार तुझ्या आईला."

"फोटोत अजून गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी दिसते बाहीला टाचलेली," आई आतून म्हणाली.

"म्हणून तर आता चिठ्ठी खिशात ठेवतो," बाबा म्हणाले.

खरं दुखणं कोटाचं नव्हतंच. पाच वर्षांची फी एवढी होती की दुकान आणि दोन्ही मशीन विकली, तरी तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर शिक्षण बंद पडलं असतं. गरजू मुलांना निम्मी फी माफ व्हायची आणि त्याची शिफारस मुलाखतीतच होणार होती. फॉर्मवर सवलतीच्या चौकटीत छकुलीने बरोबरची खूण केली होती. त्याच्याच वर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. तिथे तिचं पेन बराच वेळ अडलं होतं आणि मग तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वस्त्रोद्योग'. खोटं थोडंच होतं ते? फॉर्मची झेरॉक्स बाबांनीच काढून आणली होती आणि काही बोलले नव्हते, म्हणजे त्यांनी वाचला नसणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मुलाखतीच्या खोलीत लांबलचक टेबलामागे तिघं बसले होते. मधोमध टकले अध्यक्ष, डावीकडे सतत लिहिणारे एक सर आणि उजवीकडे एक सर्जन बाई. छकुली खुर्चीत बसली आणि बाईंची नजर तिच्या कॉलरवर खिळली. कोट छान दिसत असणार, असं वाटून छकुली सुखावली.

हाडं, रक्ताभिसरण, डॉक्टर का व्हायचंय, सगळी उत्तरं सुरळीत गेली. मग अध्यक्षांनी फॉर्म वर उचलला.

"वस्त्रोद्योग! अरे वा. आणि सवलत मागताय? मिल आहे का वडिलांची?"

"मिल नाही सर. छोटं... युनिट आहे."

"विभाग किती?"

"दोन," छकुली म्हणाली. "शिवण आणि काजं-बटणं."

"मशिनरी?"

"चालू एक. एक दुरुस्तीला."

"आणि कामगार?"

"सध्या... मालक स्वतःच लक्ष घालतात."

लिहिणाऱ्या सरांनी काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. सवलत गेली, हे त्या रेघेवरूनच छकुलीला कळलं. 'सर, शिंप्याचं दुकान आहे,' एवढं वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं, पण ते जिभेवर येईना. तिला दरदरून घाम फुटला. रुमालासाठी तिने कोटाच्या आत डावीकडे हात घातला. तिथे खिसाच नव्हता! खिसा उजव्या बाजूला होता. तिने घाईघाईने रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर बाबांची चिठ्ठी टेबलावर जाऊन पडली, ती नेमकी बाईंच्या पुढ्यात. बाईंनी ती डाव्या हाताने उचलली.

बाबांचं अक्षर मोठं. छकुलीला ते उलट्या बाजूनेही वाचता आलं. 'डॉक्टरीणबाई. डावऱ्या. खिसा उजवीकडे. उजवा खांदा पाऊण इंच उतरलेला, आतून कापूस भरणे. बाईंना कळू देऊ नये.'

"काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "एका पेशंटची माहिती आहे. गोपनीय." मग छकुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "या तुम्ही."

घरी आल्यावर "बरी झाली" यापलीकडे छकुली काही बोलली नाही. बाबांनी टाके उसवले, तिने बाह्यांना इस्त्री फिरवली. कोट खुंटीला लावून मागच्या दाराने सटकायचं तिच्या मनात होतं, पण बाई अर्धा तास आधीच येऊन उभ्या राहिल्या. छकुलीने इस्त्रीच्या टेबलावर मान खाली घातली.

"झाला का कोट?"

"एकदम तयार! अजून कोणाच्या अंगालासुद्धा लागलेला नाही," बाबा म्हणाले.

"हो का? आज घालायचा होता खरं तर. मेडिकल कॉलेजात मुलाखती होत्या, मी होते घ्यायला."

बाबांचा हात कोटावरच थांबला. त्यांनी कोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, छकुलीकडे मात्र पाहिलं नाही.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"ही?" बाबा म्हणाले, "ही कामाला आहे. काजं-बटणं करते. नवीनच लागलीय."

एरवी बाबा फक्त तारखांच्या बाबतीत खोटं बोलत. हे खोटं त्यांनी बरेच दिवस तयार ठेवलं असावं, इतकं ते सफाईने आलं. फॉर्मची झेरॉक्स बाबांनी चष्मा लावून काढली होती, हे छकुलीला आत्ता आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तिने इस्त्री उभी केली.

"मी कामाला नाही. मुलगी आहे यांची. सकाळी तुमचा कोट मीच घातला होता, माफ करा. आणि वस्त्रोद्योग म्हणजे ही खोली."

"ते मला सकाळीच समजलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली, मग फॉर्म काढला. "सवलतीचा निर्णय मी सोमवारपर्यंत थांबवलाय. तोवर दुरुस्ती चालते. मिळेलच असं नाही. पण अर्ज तरी खरा असू दे." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि तो कापूस काढून टाका. खांदा उतरलाय तर उतरलाय."

"चुकलं बाई माझं," बाबा पुटपुटले. छकुलीला वाटलं, सगळ्या खोलीत चुकलेलं नसेल तर फक्त बाबांचंच.

तिने रकान्यातल्या शब्दावर आडवी रेघ मारली, वर 'शिंपी' लिहिलं, सही केली. बाबांनी सदऱ्याला चष्मा पुसला, फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ वाचत राहिले. छकुलीला त्यांच्याकडे बघवेना.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"मग अजून काय?"

"पुढे लेडीज अँड जेंट्स लिही की!"