मार्था सिस्टरचा नाताळ कधी संपतो

नाताळ चालू असेपर्यंत मार्था सिस्टरला वाईट बातमी सांगायची सोय नाही. कुणी सांगू लागलं की ती दोन्ही कानांत बोटं घालते. रिटायर झालेली नर्स, साठी उलटलेली बाई, आणि टोकावड्याच्या भर बाजारात कानांत बोटं! रडणं, भांडण, डॉक्टर, सगळं पुढं ढकललेलं. "नाताळ संपू दे गो, मग बघू," हे तिचं ठरलेलं वाक्य.

बरं, नाताळ संपतो कधी? मी आपली भात लावणारी बाई. मला वाटायचं, पंचवीस तारखेला केक खाल्ला की झालं. बावीस वर्षांचा शेजार, अगदी अगं-तुगं, पण हा घोळ मला यंदाच कळला.

तिच्या नवऱ्याच्या, इनासकाकांच्या पोटातला तुकडा कल्याणला तपासायला दिला होता. रिपोर्ट माझ्या नवऱ्याने आणला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. मी पाकीट घेऊन धावत गेले, तर बाई फुगे तळत बसलेली. फुगे म्हणजे त्यांचे ते गोल पोकळ पाव.

"तुझ्या कपाटात ठेव. नाताळ हाय."

काकांना परस्पर द्यावं, तर तिने गळ्याची शपथ घातली.

एक तारखेला परत गेले. मुरबाडचे पास्टर बसले होते. ते म्हणाले, "आमचा तर संपला, सिस्टर." "तुमचा संपला असंल," म्हणत तिने त्यांच्या हातात फुग्यांची बशी दिली. सहा तारखेला तीन राजांचा सण झाला. रस्त्यावरचा केरळी पंक्चरवाला म्हणाला, आमच्या घरी आज संपतो. सिस्टर म्हणे, "आणि रशियात उद्या सुरू होतो, त्याचं काय?" मग कल्याणच्या फादरांनी फोनवर सांगितलं, येशूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी संपतो. तो रविवारही गेला. सिस्टर म्हणाली, "फादर तरणा हाय. वसईला माझी आय दोन फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण झाल्यावरच येशूजन्माची मांडलेली गव्हाण काढायची."

मी भडकले. काकांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता, आणि ही सणांची यादी वाचतेय! "अगं, आजार काय तारखा बघतो? नर्स ना तू? जनाची नाय, मनाची तरी लाज धर!"

"ओरडू नको, सुमे. तुमच्यात बाळंतीण सव्वा म्हयना घरात असते ना? मग आमची मरियम काय बाळंतीण नव्हती? चाळीस दिवसांनी पोर घेऊन देवळात गेली, तवा नाताळ संपला."

कप्पाळ! मी पाकीट परत माझ्या कपाटात कोंबलं.

रोज दुपारी तिच्या घरातून हसण्याचा आवाज यायचा. काका अर्धा फुगा खायचे, पोट दाबून "गॅस झालाय" म्हणायचे आणि पत्ते मांडायचे. सिस्टर मुद्दाम हरायची. "बघ सुमन, नर्सबाई परत हरली!" काका कुंपणावरून ओरडायचे, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. माणूस हातचा चाललाय आणि ही पत्ते कुटतेय!

दोन फेब्रुवारीला दुपारी मी पाकीट तिच्यासमोर आपटलं. आतल्या खोलीत काका झोपले होते. तिने ते उघडलंसुद्धा नाही.

"यात काय हाय ते मला ठाव हाय. पोटाचा फोटो बघूनच डॉक्टरनं मला बाजूला घेतलं होतं. आता उपाय नाय, घरी न्या, बोलला."

"मग मला इतके दिवस का पळवलंस गो?"

"कागूद हातात आला असता तर त्याच्यासमोर माझं तोंड सरळ नसतं राहिलं. सगळ्या जन्माचं हसून घेऊ दे म्हटलं त्याला. चाळीस दिवस. तेवढंच पायजे होतं मला."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. चाळीस दिवस मी या बाईला मनात काय काय बोलले होते!

तिने आतला कानोसा घेतला. काकांचं घोरणं ऐकू येत होतं. उठून तिने दार लोटलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात विचारलं,

"सुमे, आता संपला ना गो नाताळ? आता रडले तर चालंल?"

"चालंल गो बाय," मी म्हणाले, आणि तिच्याआधी मीच रडायला लागले.