विहिरीला जान्याकाकांचं कुलूप

जान्याकाका पाण्याचा आधी वास घेतात. पाणी त्यांनीच तुम्हाला दिलेलं असलं तरी घेतात. मग तुमच्याकडे असं बघतात, की वास तुमचाच असावा.

सफाळ्याहून आत, डोंगराखालच्या त्यांच्या पाड्यात आमच्या संस्थेने विहीर खणली आणि बायकांना मोगऱ्याची रोपं दिली. सगळं मोफत. काकांचं मत एकच : "फुकाचं हाय म्हंजे कायतरी हाय."

उद्घाटनाला मी विहिरीच्या शुद्ध पाण्यावर पाऊण तास बोललो. घसा सुकला, म्हणून बोईसर स्टेशनवर घेतलेली पाण्याची बाटली काढली आणि घटाघटा प्यालो. सगळा पाडा बघत होता.

"सायेब, आपलं पानी आपल्यालाच चालत नाय?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या जाळीला कुलूप. किल्ली काकांच्या करगोट्याला. संध्याकाळी तासभर उघडायचे, तेही फक्त रोपांसाठी. "मोगऱ्याला घाला. मोगऱ्याला पोट नाय." बायका हंडे घेऊन पुन्हा लांबच्या ओहोळावर. तिथे आता पाण्यापेक्षा चिखल जास्त. शिव्या मात्र मला.

एक दिवस काकांची सून कमळी हळूच म्हणाली, "बाबा रोज पहाटे एकटंच विहिरीवर जातात. तांब्या घेऊन."

बस्स! म्हातारा पाणी चोरून विकतोय. तांब्याने चोरून कोण किती विकणार, हा प्रश्न मला पडला नाही. पहाटे मी करवंदीच्या जाळीत दबा धरून बसलो. काका आले, कुलूप उघडलं, तांब्याभर पाणी प्याले आणि पोटावर हात ठेवून कठड्यावर बसले.

"भायेर या सायेब. काटे हायत."

मी काटे उपटत बाहेर आलो. "लोकांना बंदी, आणि तुम्ही पिता?"

"चार दिस झाले पितोय. पोट दुखलं नाय, ताप नाय. अजून तीन दिस बघतो, मग पोरीबाळींना खोलतो."

"एवढा संशय, काका?"

काकांनी तांब्या कठड्यावर ठेवला. "बोईसरला मजुरीला होतो आमी. नळाचं पानी मीच भरून आनलं, बायकोला मीच पाजलं. थंडगार होतं. आजून दे म्हनाली. काविळीनं गेली."

मी पोहरा सोडून तांब्या भरला. म्हटलं, "मीही पितो. दोघं मिळून बघू."

काकांनी तांब्यावर पंजा ठेवला.

"तुमी नको. तुमच्या घरी बायको हाय ना?"