जर्मन गुरुजी

आमच्या गुरुजींना चहात साखर कमी पडली तरी तेराव्या शतकातला एक जर्मन राजा आठवतो. "अडॉल्फचं बी असंच झालं," असं म्हणून ते कप खाली ठेवतात. नवख्या माणसाचे डोळे विस्फारतात. मग गुरुजी घाईघाईनं सांगतात, "तो न्हाई, तो न्हाई! ह्यो त्याच्या सहाशे वर्षं आधीचा. गरीब माणूस."

दिगंबर गुरुजी माझे शेजारी. आमचं गाव गोरेगाव नावाच्या बाजारगावापासून जीपनं अर्ध्या तासावर. गावानं त्यांना 'जर्मन गुरुजी' नाव पाडलं आणि घोटाळा झाला, कारण आमच्याकडं ॲल्युमिनियमलाही जर्मनच म्हणतात. एक नवी सून दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, जर्मनच्या भगुन्याला झाकण भेटंल का?" गुरुजींनी तिला बसवून राजाची सगळी कारकीर्द ऐकवली आणि शेवटी स्वतःच्या भगुन्याचं झाकण देऊन टाकलं.

या वेडाचं मूळ आमच्या पंचायतीत आहे. तेव्हा सरपंच मेंबरच निवडत. मेंबर सात, गट दोन, एकमत काही होईना. शेषरावांनी गुरुजींचं नाव सुचवलं; दोघंही त्या सातांतलेच. शेषराव गुरुजींचे बालमित्र, घरं समोरासमोर. निवृत्त, निरुपद्रवी माणूस सगळ्यांनाच चालला. गुरुजींनी मात्र खुर्ची मनावर घेतली आणि आपल्या डोक्यानं कारभार सुरू केला. मग काय, अविश्वास ठराव! पहिला हात वर झाला तो शेषरावांचा, आणि पुढचे सरपंचही तेच. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

पुढे शाळेच्या रद्दीत गुरुजींना युरोपच्या इतिहासाचं पुस्तक सापडलं आणि त्यात अडॉल्फ भेटला.

"तिकडं बी निवडणारे सातच, बराबर सात! जहागीर एवढीशी, म्हणून तर त्याला राजा केला. ज्यानं त्यानं वचनं लिहून घेतली. मग ह्यो स्वतःचाच मुलूख वाढवून राहिला म्हटल्यावर त्यांच्यातल्याच काहींनी खाली वढला."

"मग पुढं?"

"पुढली पानं फाटलेली हायेत."

हे मी शंभरदा ऐकलं आणि शंभरदा हसलो. पण समोरच्या ओसरीवर शेषराव दिसले की गुरुजी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसत. ते बघून मात्र मला फार वाईट वाटे.

यंदा शेषरावांना लकवा झाला. वाचा गेली, सरपंचकी गेली, येणारे-जाणारेही आटले. एका सकाळी मी भेटायला गेलो तर खाटेजवळ गुरुजी! मांडीवर तेच पुस्तक, बाजूला बिनझाकणाच्या भगुन्यात लापशी. पुस्तकाची पानं सगळी शाबूत होती.

"गुरुजी, फाटली होती ना?"

"न्हाई हो. मलाच वाचवत नव्हतं." ते शेषरावांकडं वळले. "ऐक शेषा. अडॉल्फच्या जागी दुसरा निवडला. दोघं लढले, अडॉल्फ पडला. काही वर्षांनी तो दुसरा बी गेला. मग दोघांला एकाच दिवशी, एकाच चर्चमधी, शेजारी शेजारी पुरलं." चमचा पुढं करत ते म्हणाले, "त्यांला मरावं लागलं बघ शेजारी यायला."

शेषरावांचे डोळे वाहू लागले. गुरुजींनी ते आपल्या उपरण्यानं पुसले.

"साखर कमी पडली का रं?"

शेषरावांनी कशीबशी मान हलवली.

"आणतो. समोर तर जायचं हाय."